परकी धरलेली बायको

माझी सासू माझी सख्खी आत्या आहे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण ते वेळेवर न सांगितल्यामुळे आमच्या घरावर काय पाळी आली होती, त्याचीच ही गोष्ट आहे. न सांगितल्यामुळे म्हणजे आम्ही लपवलं होतं असं नाही हं! लपवण्यासारखं त्यात आहे काय? बाबांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, लहानपणापासून एकमेकांच्या झिंज्या उपटत वाढलो, मोठे झाल्यावर लग्न केलं. घरच्यांना ते माहीतच होतं आणि बाहेरच्यांना सांगत बसायचं कारण नव्हतं.

नवऱ्याला सगळे टिल्लू म्हणतात. चांगला सहा फुटांचा बाप्या आहे. पाळण्यात असताना मुठीएवढा होता म्हणून पडलेलं नाव, ते चिकटलं ते चिकटलंच. तो लिफ्ट दुरुस्त करतो. मी चष्म्याचं दुकान चालवते. दिवसभर लोकांना 'आता दिसतं का, आता दिसतं का' विचारून माझी सहनशक्ती घरी येईपर्यंत संपलेली असते, असं टिल्लू पाहुण्यांना सांगतो. आत्या म्हणते, संपायला मुळात असावी लागते. दोघं मायलेक माझ्यावर बोलायला लागले की त्यांना भूक लागत नाही.

तर टिल्लूच्या दोन्ही किडन्या गेल्या. आधी पाय सुजले, मग डोळ्यांखाली सूज, मग आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुवायला जाणं सुरू झालं. एवढा उंचापुरा माणूस घरी यायचा तो पिळलेल्या फडक्यासारखा. आत्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांसमोर उभी राहिली, म्हणाली, माझी काढा. तिला साखरेचा आजार, डॉक्टरांनी तिला हात जोडून घरी पाठवलं. मग माझ्या तपासण्या झाल्या आणि माझं जुळलं. डॉक्टरांनी विचारलं, "पेशंटशी नातं?" मी म्हटलं, "बायको." बरोबरच उत्तर आहे ते. बायको होण्याआधी तुम्ही कोण होतात, असं काही कोणी विचारलं नाही.

ऑपरेशन सुरेख झालं. किडनी लगेच कामाला लागली. "तुझ्यासारखीच आहे, आल्या आल्या घर ताब्यात घेतलं," टिल्लू मला म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला, भाजी कापून द्यायला लागला, माझ्याशी भांडायला लागला. म्हणजे माणूस पूर्ववत झाला म्हणायचा. एकच गोष्ट पूर्वीसारखी राहिली नाही. त्याचे हात थरथरायला लागले.

ती औषधाची करणी. कसं असतं, दुसऱ्याची किडनी आत आली की शरीर तिला घुसखोर समजतं आणि तिच्या अंगावर धावून जातं. शरीरातल्या त्या पहारेकऱ्याला गुंगीत ठेवायला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. त्या गोळ्यांनी टिल्लूचा कप बशीवर वाजायचा. शर्टाचं बटण लावायला त्याला एवढा वेळ लागायचा की मी तोंड फिरवून उभी राहायची, नाहीतर पुढे होऊन लावून टाकलं असतं आणि ते त्याला आवडलं नसतं. आता लिफ्टच्या खोलीत मोटारीवर काम करायचं, बारीक स्क्रू, तारा, वर अंधार आणि खाली विहिरीसारखी पोकळी. थरथरत्या हाताच्या माणसाला तिथे कोण पाठवील? कंपनीने त्याची जागा थोडे दिवस राखून ठेवली होती. थोडे म्हणजे किती ते साहेब सांगत नव्हता, पण त्याचा सूर बदलत चालला होता.

म्हणून औषध कमी व्हावं ही टिल्लूची एकच इच्छा. दर वेळी डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या शिरल्या तो तेच विचारायचा. डॉक्टर म्हणायचे, "बघू. घाई नको." मोठे डॉक्टर शांत माणूस, टक्कल चकचकीत, बोलताना पेनाचं टोपण काढायचे-घालायचे. मला त्यांचा राग यायचा, पण माणूस चांगला होता.

मग इस्पितळाच्या लॅबमध्ये एक नवीन तपासणी सुरू झाली. ती करणारी बाई माझ्याच वयाची, चष्मा नाकावर घसरलेला. मी पहिल्या भेटीत तिचा चष्मा काढून घेऊन नाकाचे पॅड दाबून दिले, तेव्हापासून आमची गट्टी जमली. तिला आम्ही आपसांत लॅबवाली म्हणायचो. तिने मला सगळं समजावून सांगितलं. शरीरातल्या पेशी रोज मरतात, नव्या येतात. मरताना त्यांच्या आतल्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सुटतात. टिल्लूच्या रक्तात बहुतेक तुकडे टिल्लूचे, आणि थोडेसे माझे, कारण किडनी माझी. शरीराने किडनीशी भांडण उकरून काढलं की किडनीच्या पेशी जास्त मरतात आणि रक्तातले माझे तुकडे वाढतात. नेहमीच्या रक्ततपासणीतलं क्रिएटिनिन बिघडायच्या कितीतरी आधी हे दिसतं.

"म्हणजे घर पेटल्यावर नाही, धूर निघाल्यावर कळतं," मी म्हटलं.

"धुराच्याही आधी," ती म्हणाली. "वास आल्यावर."

शंभरात एकाच्या खाली माझे तुकडे असले तर ठीक, वर गेले तर काळजी, असा तिचा हिशेब. पहिल्या खेपेला आकडा आला पाऊण. डॉक्टर म्हणाले, पुढच्या खेपेलाही एकाच्या खाली राहिला तर औषध उतरवायला लागू. टिल्लूने घरी येऊन ही बातमी साहेबाला फोनवर सांगितली, अशा आवाजात की जणू औषध उतरलंच. पुढच्या खेपेचा आकडा आला तो एकाला टेकायच्या बेतात, पण खाली. डॉक्टर फोनवर म्हणाले, "काठावर का होईना, पास. या भेटायला. नवीन डोस लिहून देतो."

त्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. टिल्लूने इस्त्रीचा शर्ट घातला होता. बटणं त्याने स्वतः लावली होती, एक चुकीच्या काजात गेलं होतं, आणि मी एक अक्षर बोलले नाही. नर्सने त्याला वजन आणि ब्लडप्रेशरसाठी आत नेलं. आत्या आणि मी बाहेर बाकावर बसलो. सकाळच्या गडबडीत माझं खायचं राहून गेलं होतं. आत्याने पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला.

"ए आत्या, नको म्हटलं ना!"

"खा म्हणते ना. उपाशीपोटी चांगली बातमी ऐकू नये, भोवळ येते."

"हे कुठल्या डॉक्टरने सांगितलं?"

"मी सांगितलं. खा."

तेवढ्यात लॅबवाली चहाचा कागदी कप घेऊन आली आणि आमच्या शेजारी टेकली. आमची जुंपलेली ऐकून तिला हसू आलं. "किती छान हो तुमचं. मीही माझ्या सासूबाईंना आत्याच म्हणते. पण 'अहो आत्या'. 'ए आत्या' म्हणायची काय बिशाद आहे माझी!"

"हिला कसली आलीय बिशाद," आत्या म्हणाली. "माझ्या मांडीवर मुतलेली कार्टी आहे ही. भावाची लेक म्हणून ऐकून घेते."

"भावाची? मानलेल्या भावाची का?"

आत्याला तो शब्द झोंबला. "मानलेला कशाला? एका आईच्या पोटचा, माझ्या पाठचा! त्याला खांद्यावर घेऊन फिरवलाय मी, खांदा अजून दुखतो."

लॅबवालीच्या हातातला कप तोंडापाशीच थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे या तुमच्या खऱ्या आत्या? रक्ताच्या?"

"रक्ताच्या नाहीतर काय रंगाच्या?" मी म्हटलं.

ती हसली नाही. कप तिने बाकावर ठेवला. "मग मी मशीनला चुकीचं सांगितलंय," ती म्हणाली. "दाता आणि पेशंट यांच्यात रक्ताचं नातं नाही, असं. तुम्ही बायको ना, म्हणून."

खरं तर त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती. पण माझा स्वभाव असा की आधी राग येतो. "म्हणजे तुमच्या मशीनने मला परकी धरलं? अहो, त्या माणसाला मी नाकातला शेंबूड पुसायला शिकवलंय!"

"तसं नाही हो. ऐका ना." तिने माझा हात धरला. "मशीन तुमचा तुकडा ओळखतं कसा? डीएनएच्या ज्या जागी त्यांचं अक्षर एक असतं आणि रक्तात तिथे दुसरंच अक्षर सापडतं, तो तुकडा तुमचा. पण तुम्हा दोघांचे आजी-आजोबा एकच. त्यांच्याकडून जी अक्षरं दोघांनाही सारखी आली, तिथला तुमचा तुकडा त्यांच्या तुकड्यासारखाच दिसतो. मशीन तो त्यांच्या खात्यात टाकतं. तुमचे मोजले जातात त्यापेक्षा जास्त आहेत."

"किती जास्त?"

"सोळा आण्यांतले दोन आणे सुटतात, असं समजा."

लग्नात आई मला म्हणाली होती, सासरी दुधात साखरेसारखी मिसळून जा. आईचं मी आयुष्यात तेवढं एकच ऐकलं होतं म्हणायचं. "मग दोन आणे धरून आकडा किती होतो?" मी विचारलं.

तिने मोबाईलवर बोटं मारली. मारून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मारली. मग फोन खाली ठेवला. "एकाच्या वर," ती म्हणाली.

आत्या आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होती. "काय झालं गं? मी काय बोलले?"

तिला उत्तर द्यायला मी थांबले नाही. लॅबवाली पुढे आणि मी मागे, अशा आम्ही डॉक्टरांच्या खोलीत शिरलो. टिल्लू खुर्चीत बसून हसत होता. सगळे दात दाखवत हसत होता, आजारपण सुरू झाल्यापासून तसा हसलेला मी बघितला नव्हता. डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. आणि ते हसू पुसायला मी दारात उभी होते. असला करंटा योग माझ्याच नशिबी यायचा होता.

लॅबवालीने दोन वाक्यांत सांगितलं. डॉक्टरांनी टोपण घातलं, काढलं, पुन्हा घातलं. "एवढे दिवस मी 'आत्या, आत्या' ऐकतोय," ते म्हणाले. "माझी बायकोही माझ्या आईला आत्याच म्हणते. माझ्या आईचा आणि तिच्या बापाचा काडीचा संबंध नाही. मला वाटलं, तुमचंही तसंच." मग त्यांनी तो कागद हळूच स्वतःकडे ओढून घेतला. "औषध कमी करता येणार नाही. आधीचा आकडाही मग पाऊणच्या वर होता, आणि आता तर एकाच्याही वर. म्हणजे चढतोय. सुईने किडनीचा इवलासा तुकडा काढून बघावा लागेल, आतमध्ये काय चाललंय ते."

"आत्ता तर कमी करतो म्हणालात!" टिल्लू म्हणाला.

"हो. आत्ता चुकीचं म्हणालो."

"मग हे तरी बरोबर कशावरून? आकडा तोच, रक्त तेच, हिच्या आत्यावरून माझं औषध ठरणार?"

"माझी आत्या म्हणजे तुझी आई," मी म्हटलं.

"तू गप्प बस!" तो उठला आणि बाहेर पडला. सुई टोचून घ्यायला हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना समजवा. हे लवकर असेल तर हातात आहे. उशीर झाला तर किडनी जाईल." ती गेली असती तर टिल्लू पुन्हा मशीनवर गेला असता, आणि या खेपेला घरात देणारं कोणी नव्हतं.

घरी आल्यावर जे भांडण झालं ते आमच्या भांडणांतलंसुद्धा वरच्या नंबरचं होतं. टिल्लू जेवणाच्या टेबलाशी बसला आणि बोटांवर मोजायला लागला. लघवी साफ. क्रिएटिनिन सोन्यासारखं. पायाला सूज नाही. भूक लागते, झोप लागते. "मला काही झालेलं नाही. तुम्हा बायकांना एक आकडा मिळाला की झालं."

"सुईच टोचायची आहे ना? टोचून घे आणि ये. काही नसेल तर कमी करतील औषध."

"आणि तोवर जागा जाते माझी! साहेब वाट बघणार आहे माझी सुई टोचून होईपर्यंत?"

"मग जाऊ दे जागा! मसणात गेली तुझी जागा!"

"तुला काय जातंय बोलायला?" तो म्हणाला. मग त्याच्या तोंडून निसटलं. "किडनी दिलीस म्हणून आता जन्मभर माझ्यावर हुकूम चालवणार का?"

मी त्या किडनीचा एका शब्दाने कधी उल्लेख केला नव्हता. शपथेवर सांगते. भांडताना मी काय काय काढते, त्याची जुनी उधळपट्टी काढते, त्याचं घोरणं काढते, पण ते कधी काढलं नव्हतं. माझं तोंड बंद झालेलं बघून तोच घाबरला.

आत्या ओट्याशी उभी होती. पदराने डोळे पुसत म्हणाली, "चूक माझी आहे. माझ्याच भावाची मुलगी हवी म्हणून हट्ट धरला मी. बाहेरची केली असती तर आज आकडा बरोबर आला असता." आणि मला म्हणाली, "पोरी, आजपासून मला आत्या म्हणू नकोस. सासूबाई म्हण. गोंधळ तरी व्हायचा नाही."

"वेड लागलंय का तुला!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो. एवढ्या वेळात आमचं एकमत झालं ते तेवढ्यापुरतं.

"बाहेरची केली असती तर तिचं जुळलं असतं कशावरून?" मी आत्याला म्हटलं. "माझं जुळलं ते तुझ्यामुळेच जुळलं असेल. रडू नकोस. तू तिथे बोलली नसतीस तर आज हा घरात पेढे... आज हा घरात नाचत असता आणि आत काय जळतंय ते कोणालाच कळलं नसतं."

"पण काही जळत नाहीये!" टिल्लू म्हणाला. "चालतेय ना किडनी?"

"ती उंच इमारतीची लिफ्ट चालत नव्हती का?" मी विचारलं.

"कुठली?"

"जी तू बंद करून ठेवली होतीस. लोक जिने चढून तुला शिव्या घालत होते. फोनवर माणूस ओरडत होता तो मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. चालत होती ना ती लिफ्ट?"

"अगं, दोराच्या तारा तुटल्या होत्या तिच्या."

"पण चालत होती ना?"

"चालणारच. पोलादी दोर असतो तो, शंभर तारांचा पीळ. एकेक तार तुटत असते आणि लिफ्ट मजेत चालत असते. म्हणून तर तुटलेल्या तारा मोजायच्या असतात. ठरावीक आकड्याच्या वर गेल्या की दोर बदलायचा, मग लिफ्ट कितीही..."

तो थांबला.

टिल्लूने हात टेबलावर पसरले. ते थरथरत होते आणि तो त्यांच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "काही तारा आतल्या बाजूला तुटतात. वरून बघितलं तर दिसत नाहीत. म्हणून जेवढ्या दिसतात त्यापेक्षा जास्त आहेत असं धरूनच चालायचं असतं." मग नाक ओढून म्हणाला, "नवीन आलेल्या प्रत्येक पोराला मी हेच बडबडत असतो."

"मग?"

"मग काय मग? फोन लाव तुझ्या टकल्या डॉक्टरला."

मी फोन लावला.

सुई टोचली. टिल्लू म्हणाला काहीच दुखलं नाही, म्हणजे दुखलं असणार. नंतर ओटीपोटावर वाळूची पिशवी ठेवून निपचित पडायचं होतं आणि हलायचं नव्हतं. तेवढा वेळ मी त्याच्या शेजारी बसून त्याला दुकानातल्या गिऱ्हाइकांची नक्कल करून दाखवली. हसू नकोस म्हणून नर्स त्याला ओरडली आणि मग मलाच बाहेर काढलं.

निकाल घेऊन डॉक्टर स्वतः खोलीत आले. लॅबवाली त्यांच्या मागे होती. "सुरुवात झालेली आहे," डॉक्टर म्हणाले. "शरीर किडनीवर चालून आलंय. पण अगदी सुरुवात आहे, अजून ओरखडेसुद्धा उठलेले नाहीत. इतक्या लवकर आम्हाला हे फार क्वचित सापडतं." टिल्लूने विचारलं, "आणि त्या दिवशी औषध कमी केलं असतं तर?" डॉक्टर म्हणाले, "तर बहुतेक किडनी गेली असती." मी पलंगाच्या कडेवर बसले ती टिल्लूच्या पायावरच बसले.

मग सलाईनमधून जालीम औषधं दिली. टिल्लूचं तोंड फुगलं, झोप उडाली, घरी आल्यावर त्याने एका दमात कपाटं आवरली आणि माझे तीन जुने कपडे फेकून दिले. गोळ्या कमी व्हायच्या त्या उलट वाढल्या. हातांची थरथर वाढली. कंपनीच्या साहेबाने गोड आवाजात फोन करून सांगितलं की जागा दुसऱ्याला दिली आहे. टिल्लू म्हणाला, "बरं." फोन ठेवला आणि गच्चीत जाऊन उभा राहिला. मीही गेले. मी साहेबाला शिव्या दिल्या. टिल्लूने त्यात दोन नवीन घातल्या. त्याने दोघांनाही जरा बरं वाटलं.

नंतरच्या तपासणीला पुन्हा रक्त दिलं. या खेपेला मी स्वतः लॅबमध्ये जाऊन लॅबवालीच्या मशीनसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "नीट ऐक, मी याची बायको, आणि मामेबहीण. दोन्ही." ती म्हणाली मशीनला ऐकू येत नाही. मी म्हटलं असू दे, माझं सांगायचं काम मी केलं.

ज्या दिवशी निकाल मिळणार होता त्या दिवशी आत्याने आमच्याबरोबर यायला नकार दिला. मी आले की काहीतरी बोलून बसते, म्हणाली. तिला दोन्ही बाजूंनी दंडाला धरून नेलं. डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं, लॅबवाली, आणि मांजरीच्या पावलांनी फिरणारी ती ओरडकी नर्स.

"पाव," लॅबवाली म्हणाली. कागदाकडे न बघताच म्हणाली, तिला पाठ झालं होतं. "दोन आणे धरून पाव."

"शंभरात पाव?" मी विचारलं.

"शंभरात पाव. भांडण मिटलंय."

आत्या मटकन खाली बसली. सुदैवाने तिथे खुर्ची होती. डॉक्टर म्हणाले, औषध एवढ्यात कमी होणार नाही, त्याबद्दल विचारायचंच नाही. पण याच औषधाची सावकाश विरघळणारी गोळी मिळते, तिने पुष्कळांची थरथर उतरते, ती आजपासून सुरू करून बघू. हात थांबले तर काम मिळेल, हा नाही तर तो साहेब. ते बोलत असताना नर्सने गोळीची वेळ झाल्याचं सांगून नव्या पाकिटातली पहिली गोळी टिल्लूच्या तळहातावर ठेवली. तळहात हलला. गोळी घरंगळली, टप्पकन फरशीवर पडली आणि औषधांच्या लोखंडी कपाटाखाली गेली.

टिल्लू गुडघ्यांवर बसला. मग पालथा पडला. सहा फुटांचा माणूस डॉक्टरांच्या खोलीत आडवा, गाल फरशीला लावलेला, एक हात खांद्यापर्यंत कपाटाखाली.

"अहो, राहू द्या," डॉक्टर उठून म्हणाले. "असू दे ती. दुसरी देतो मी."

"दुसरी कुठून देणार?" कपाटाखालून टिल्लू म्हणाला. "हिच्याकडे एकच उरलीय."

डॉक्टर पाकीट हातात धरून तसेच उभे राहिले. गोळीबद्दल तो बोलत नव्हता हे कळायला कोणालाच वेळ लागला नाही, ओरडक्या नर्सलासुद्धा. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलं नाही, वाहू दिलं. "अरे मेल्या," मी म्हटलं, "बाजूला सरक, तुझा हात नाही पोचायचा तिथे." आणि त्याच्या शेजारी मीही फरशीवर पालथी पडले आणि कपाटाखाली हात घातला.